घास अडकतो तेव्हा: अन्ननलिकेच्या कर्करोगावरचे उपचार ठरतात कसे

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाला आज डॉक्टर पुष्कळदा एक क्रम सांगतात. आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन एकत्र, मग काही आठवड्यांची विश्रांती, आणि त्यानंतर ऑपरेशन. घरच्यांच्या मनात लगेच येते, गाठ दिसते आहे तर ती आधी काढून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जगभरच्या सर्जनांनाही तो पडलेला होता आणि त्यांच्यात एकमत नव्हते. त्याचे भरवशाचे उत्तर मिळाले ते नेदरलँड्समधल्या ३६६ रुग्णांकडून. आपल्याला कोणता उपचार मिळावा हे त्यांनी कॉम्प्युटरच्या सोडतीवर सोपवले होते.

अशा अभ्यासाला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की ‘प्रयोग करतायत’ अशी धास्ती पहिल्यांदा वाटते. ही ट्रायल आतून कशी चालते, तिचा निकाल कसा वाचायचा आणि तो आपल्या घरातल्या रुग्णाला कितपत लागू पडतो, हे समजले तर धास्तीची जागा नेमके प्रश्न घेऊ शकतात. त्यासाठी हा लेख.

आधी आजाराविषयी. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती चांगली ताणली जाते, त्यामुळे आत गाठ वाढत असली तरी बराच काळ घास उतरत राहतो. अडकायला लागते ती आधी भाकरी, चपाती, मटण. माणूस वर पाणी पितो आणि घास खाली ढकलतो. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागतो, मग वरणभात, मग पेज. प्रत्येक पायरीवर तो जमवून घेतो, आणि यात महिने जातात. शिवाय पोटातल्या बहुतेक अवयवांना असते तसे बाहेरचे पातळ आवरण या नळीला नाही, आणि लसीकावाहिन्यांचे जाळे तिच्या अगदी आतल्या थरांतच दाट असते. म्हणून आजार लवकर आजूबाजूला आणि लसीकाग्रंथींत पोहोचतो. २०२२ मध्ये जगात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने गेली. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे, हीच या आजाराची खरी ओळख आहे.

पुढचे सगळे समजायला आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते. अन्ननलिकेचा कर्करोग हा एक आजार नाही, दोन आहेत. नळीच्या अस्तरातल्या सपाट पेशींपासून होतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो वरच्या आणि मधल्या भागात जास्त आढळतो. तंबाखू, दारू, सुपारी आणि फार गरम पेये यांच्याशी त्याचा संबंध आहे. ६५ अंश सेल्सियसच्या वरची कढत पेये माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटले. भारत, चीन, इराण, पूर्व आफ्रिका इथे प्रामुख्याने हाच प्रकार. दुसरा ॲडेनोकार्सिनोमा. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की नळीच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते. या बदलाला ‘बॅरेट्स’ म्हणतात, आणि त्यातल्या थोड्या लोकांत पुढे कर्करोग होतो. अमेरिका आणि पश्चिम युरोपात हा प्रकार जास्त. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टवर यातले एक नाव लिहिलेले असते. ते पाहिल्याशिवाय कोणत्याही नव्या उपचाराची बातमी वाचण्यात अर्थ नाही.

आता ट्रायल. नवे औषध माणसांपर्यंत येते ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात थोडे रुग्ण असतात आणि प्रश्न एवढाच असतो की किती डोस शरीर सोसते. लहान डोसपासून सुरुवात करून, प्रत्येक पायरीवर थांबून, त्रास पाहून वर चढायचे. दुसऱ्या टप्प्यात पाहायचे, की गाठीवर काही परिणाम दिसतो का. तिसऱ्यात आज जो उपचार सर्वांत चांगला समजला जातो त्याच्याशी नव्याची थेट तुलना होते, शेकडो रुग्णांवर. औषध बाजारात आल्यानंतरचे लक्ष ठेवणे हा चौथा टप्पा. ‘ट्रायलमध्ये यायचे का?’ असे कोणी विचारले तर आधी टप्पा विचारावा, कारण पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाने ठेवायच्या अपेक्षा अगदी वेगळ्या असतात.

नेदरलँड्समधल्या त्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलचे नाव ‘क्रॉस’. २००४ ते २००८ या काळात तिच्यात रुग्ण घेतले गेले. एका गटाचे थेट ऑपरेशन. दुसऱ्या गटाला आधी दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल अशी पाच आठवडे केमो, सोबत रेडिएशनचे २३ डोस, आणि मग ऑपरेशन.

कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही नाही. डॉक्टरांवर सोडले तर काय होईल? धडधाकट, तरुण रुग्ण नकळत एका बाजूला जातील आणि थकलेले दुसऱ्या बाजूला. मग वर्षांनंतर दिसलेला फरक उपचाराचा की रुग्णांच्या मूळ ताकदीचा, हे कधीच कळणार नाही. सोडतीने दोन्ही गट सारखे होतात. माहीत असलेल्या बाबतींत तर होतातच, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या बाबतींतही. सोडत नैतिक ठरते ती एकाच अटीवर: कोणता उपचार सरस आहे हे त्या क्षणी खरोखरच कोणाला ठाऊक नसले पाहिजे. एक चांगला आहे हे कळत असताना सोडत काढणे हा गुन्हाच म्हणावा लागेल.

एकदा गट ठरला की तो बदलत नाही. केमो-रेडिएशनच्या गटातला एखादा रुग्ण अशक्तपणामुळे ऑपरेशनपर्यंत पोहोचलाच नाही, तरी हिशेबात तो त्याच गटात राहतो. त्याला वगळले तर फक्त तगडे रुग्ण मोजले जातील आणि उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. हा नियम वरवर रूक्ष वाटतो, पण ट्रायलचा प्रामाणिकपणा त्यावर उभा आहे.

निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट ऑपरेशन झालेल्या गटात आयुष्याचा मध्यक २४ महिने होता. आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत तो ४९ महिन्यांच्या आसपास गेला. मध्यक म्हणजे सगळ्या रुग्णांना किती महिने जगले त्या क्रमाने उभे केले तर मधोमध येणाऱ्याचा आकडा. निम्मे त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. ‘तुमच्याकडे ४९ महिने आहेत’ असा त्याचा अर्थ कधीच होत नाही, आणि असा अर्थ लावून कितीतरी घरांत उगीच दिवस मोजले जातात.

सर्जनांना पटणारा आकडा वेगळा होता. गाठ काढल्यावर कापलेल्या कडेला कर्कपेशी शिल्लक नाहीत, असे थेट ऑपरेशनमध्ये ६९ टक्के रुग्णांत साधले. केमो-रेडिएशननंतर ९२ टक्के रुग्णांत. गाठ आकसली होती, म्हणून ती पूर्ण निघत होती. आधी का काढत नाहीत, याचे उत्तर हे. स्क्वॅमस प्रकाराच्या ऑपरेशन झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत, ४९ टक्क्यांत, काढलेल्या अन्ननलिकेत एकही जिवंत कर्कपेशी सापडली नाही. ॲडेनो प्रकारात हे प्रमाण २३ टक्के होते. दहा वर्षांनंतर पुन्हा मोजले तेव्हा थेट ऑपरेशनच्या गटातले २५ टक्के आणि आधी केमो-रेडिएशन घेतलेल्या गटातले ३८ टक्के रुग्ण हयात होते. आपल्याकडच्या प्रकाराला या उपचाराचा फायदा उलट जास्तच झाला, ही महाराष्ट्रातल्या रुग्णासाठी मोलाची बाब आहे. त्या ट्रायलमध्ये मात्र स्क्वॅमस रुग्ण जेमतेम पावभागच होते.

आणि इथेच सावध व्हायला हवे. प्रत्येक ट्रायलला प्रवेशाच्या अटी असतात. ‘क्रॉस’मध्ये वय ७५ पर्यंत, गाठीची लांबी जास्तीत जास्त ८ सेंटिमीटर, आजार दूर पसरलेला नसावा, आणि वजनात झालेली घट १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. शेवटची अट पुन्हा वाचा. साठ किलोचा माणूस चौपन्नच्या खाली गेलेला नसावा. आपल्याकडे कित्येक रुग्ण दवाखान्याची पायरी चढतात तेव्हाच त्याहून खंगलेले असतात. ट्रायलचा आकडा त्यांच्यावर जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधी नाकातून किंवा पोटातून नळी घालून पोषण देण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो. घरच्यांना वाटते, नळी घातली म्हणजे शेवट आला. खरे तर रुग्णाला पुढचा उपचार सोसावा म्हणूनच ती असते.

‘क्रॉस’ने प्रश्न मिटवला असे वाटत होते, पण चांगली ट्रायल पुढच्या ट्रायलसाठी मापदंड ठरते. जर्मनीतल्या ‘इसोपेक’ ट्रायलने ४३८ रुग्णांत ‘क्रॉस’चा उपचार आणि ‘फ्लॉट’ नावाची चार औषधांची केमो यांची तुलना केली. फ्लॉट ऑपरेशनच्या आधीही द्यायची आणि नंतरही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मध्यक फ्लॉटच्या बाजूने ६६ महिने आणि क्रॉसच्या बाजूने ३७ महिने होता. मोठा फरक. ही बातमी वाचून एखाद्या कोल्हापूरच्या मुलाने वडिलांच्या डॉक्टरांना ‘फ्लॉट का देत नाही?’ असे विचारले तर? डॉक्टर आधी बायोप्सीचा रिपोर्ट पुढे करतील. ‘इसोपेक’मध्ये एकही स्क्वॅमस रुग्ण नव्हता, ती ट्रायल फक्त ॲडेनो प्रकारासाठीच आखलेली होती.

स्क्वॅमससाठी पाहायचे तर जपानकडे पाहावे लागते. तिथे ६०१ रुग्णांचे तीन गट केले: दोन औषधांची केमो, तीन औषधांची केमो, आणि केमोसोबत रेडिएशन, तिन्हींत नंतर ऑपरेशन. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६२.६, ७२.१ आणि ६८.३ टक्के निघाले. जपानमध्ये त्यामुळे तीन औषधांची केमो हा पहिला पर्याय झाला. पण ती औषधे अंगावर येतात, पांढऱ्या पेशी घटतात, आणि जपानी सर्जनांची या ऑपरेशनमधली तयारी फार वरची आहे. तो निकाल खंगलेल्या रुग्णाला आणि दूरच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाला तसाच लागू होईल का, हे डॉक्टरांनी माणूस पाहूनच ठरवायचे असते.

आता इम्युनोथेरपी, जिची चर्चा आज सर्वांत जास्त. कर्कपेशी शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना एक प्रकारचा ‘थांबा’ असा इशारा देतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे तो इशारा अडवतात. ‘चेकमेट ५७७’ या ट्रायलमध्ये ७९४ रुग्ण होते. केमो-रेडिएशन आणि ऑपरेशन होऊनही ज्यांच्या काढलेल्या भागात कर्कपेशी उरलेल्या आढळल्या, असे सगळे. त्यांना वर्षभरापर्यंत निव्होलुमॅब किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले सलाइन, देण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही.

प्लासिबो म्हटले की लोक घाबरतात, आपल्या माणसाला नुसते पाणी देऊन वाऱ्यावर सोडतील असे वाटते. तसे करता येत नाही. त्या काळी अशा रुग्णाला ऑपरेशननंतर कोणताच सिद्ध उपचार नव्हता. फक्त नियमित तपासण्या करत राहायचे. प्लासिबो गटालाही तेच मिळाले. जिथे सिद्ध उपचार आहे तिथे तो थांबवून त्याऐवजी प्लासिबो देणे मान्य होत नाही.

निकाल असा: आजार उलटल्याशिवाय गेलेल्या काळाचा मध्यक प्लासिबो गटात ११ महिने, औषधाच्या गटात २२.४ महिने. यावर २०२१ मध्ये अमेरिकेत औषधाला या वापरासाठी मान्यता मिळाली. पण रुग्णाचा मूळ प्रश्न असतो, मी जास्त जगेन का? त्याचे उत्तर यायला २०२५ उजाडले. एकूण आयुष्याचा मध्यक ५१.७ आणि ३५.३ महिने. फरक डोळ्यांना मोठा दिसतो, तरी ट्रायल सुरू होण्याआधी ठरवलेल्या संख्याशास्त्रीय कसोटीवर तो उतरला नाही. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो, ही शक्यता पुरेशी दूर झाली नाही. ‘आजार उलटायला लागलेला काळ’ आणि ‘आयुष्य’ या दोन वेगळ्या मोजमापांवर दोन वेगळी उत्तरे येतात. औषधाची जाहिरात करणारा पहिला आकडा सांगतो. दोन्ही विचारायचे काम आपले.

किमतीचा विचार इथे टाळता येत नाही, कारण भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना पूर्ण डोसची इम्युनोथेरपी परवडत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने यावर धाडसी प्रश्न विचारला: नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी निव्होलुमॅब दिले तर? दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर ही ट्रायल झाली. तोंडावाटे द्यायच्या स्वस्त केमोसोबत हा लहान डोस दिला तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मला हे काम फार महत्त्वाचे वाटते. औषध कंपनी आपणहून कमी डोसची ट्रायल कधी करणार नाही. तो प्रश्न विचारायला सार्वजनिक रुग्णालयच लागते. अर्थात ही ट्रायल अन्ननलिकेची नव्हती. अन्ननलिकेसाठी तसाच निकाल गृहीत धरता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र ट्रायलच हवी.

उपचारांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न थेट रुग्णाच्या मनातला आहे. केमो-रेडिएशननंतर गाठ दिसतच नसेल तर एवढे मोठे ऑपरेशन कशाला? अन्ननलिका काढून जठर वर ओढून जोडतात. त्यानंतर माणूस थोडे थोडे खातो, झोपताना डोके उंच ठेवतो, वजन पुन्हा भरायला झगडतो. नेदरलँड्समधल्या ‘सानो’ ट्रायलने हा प्रश्न १२ रुग्णालयांत तपासला. सर्व तपासण्या स्वच्छ आलेल्या ३०९ रुग्णांपैकी काहींचे लगेच ऑपरेशन झाले. बाकीच्यांना लक्ष ठेवून सोडले, गाठ परत दिसली तरच ऑपरेशन. इथे ‘नवे जास्त चांगले’ हे सिद्ध करायचे नव्हते. ‘नवे फारसे वाईट नाही’ एवढेच दाखवायचे होते, आणि ‘फारसे’ म्हणजे किती हे आधी लिहून ठेवले होते. दोन वर्षांनी लक्ष ठेवलेल्यांतले ७४ टक्के आणि लगेच ऑपरेशन झालेल्यांतले ७१ टक्के हयात होते. मात्र लक्ष ठेवलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत गाठ त्याच जागी पुन्हा दिसली. ती वेळेत दिसली, कारण पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन होत होते. ‘ऑपरेशन नको’ एवढेच उचलून गावी निघून जाणे म्हणजे या ट्रायलचा निम्माच भाग घेणे, आणि तो जिवावर बेतणारा.

आता तपासणीकडे, म्हणजे त्रास नसलेल्या माणसात आजार शोधण्याकडे. ही ट्रायल उपचाराच्या ट्रायलपेक्षा कितीतरी अवघड असते. निरोगी माणसाला आपण बोलावतो, त्यामुळे हजारातल्या एकाला झालेली इजासुद्धा हिशेबात धरावी लागते. शिवाय आकडे फसवतात. समजा, एखाद्याचा मृत्यू २०३० मध्ये होणार आहे. त्रास सुरू झाल्यावर २०२९ मध्ये निदान झाले तर तो निदानानंतर एक वर्ष जगला. तपासणीत २०२५ मध्येच सापडला तर पाच वर्षे जगला. मृत्यूचे वर्ष तेच, आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही, फक्त आजारी म्हणून जगण्याची वर्षे वाढली. म्हणून तपासणीच्या ट्रायलमध्ये निदानानंतरची वर्षे मोजत नाहीत. तपासणीला बोलावलेल्या सबंध लोकसंख्येत या कर्करोगाने किती माणसे गेली ते मोजतात. त्यासाठी हजारो माणसे आणि दहा-दहा वर्षे लागतात.

चीनमधल्या ताइहांग पर्वताभोवतीच्या भागात स्क्वॅमस कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. तिथल्या त्सशिएन परगण्यात काही गावांतल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांना एकदाच दुर्बिणीच्या तपासणीला बोलावले, काही गावांत नेहमीचेच चालू ठेवले. दुर्बिणीतून आत आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असते, ते आयोडीन धरून तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींचा भाग पिवळसर, कोरा राहतो. तिथलाच तुकडा काढायचा. सुरुवातीचा बिघाड सापडला तर तो दुर्बिणीतूनच काढता येतो. दहा वर्षांनी पाहिले तर या कर्करोगाने झालेले मृत्यू बोलावलेल्या गावांत ३.३५ टक्के आणि दुसऱ्या गावांत ५.०५ टक्के. बोलावलेल्या सगळ्या लोकांना धरून हा फरक, आणि त्यांच्यापैकी निम्मेच लोक प्रत्यक्ष आले होते. इथे गावे सोडतीने निवडलेली नव्हती, ही उणीव. म्हणून पुढे हनान प्रांतातल्या ह्वाशिएनमध्ये ६६८ गावांची सोडत काढून मोठी ट्रायल उभी राहिली.

त्याच प्रदेशात, लिनशिएनमध्ये, १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ लोकांना जीवनसत्त्वे आणि खनिजे देऊन पाहिली होती. बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम मिळालेल्या गटात एकूण मृत्यू थोडे घटले, जठराच्या कर्करोगाचे घटले. अन्ननलिकेच्या कर्करोगात ठाम फरक दिसला नाही. ज्या आजारासाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच हलला नाही. ‘अमुक पावडर घ्या, कॅन्सर टळतो’ असे सांगणाऱ्याला हा निकाल दाखवावा.

ब्रिटनमध्ये बॅरेट्स आधीच पकडण्यासाठी केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने एक साधे साधन तयार केले. दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळायची. पोटात काही मिनिटांत तिचे आवरण विरघळते आणि आतला तीन सेंटिमीटरचा स्पंज फुलतो. दोरा ओढून तो बाहेर काढताना अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशी त्याला चिकटून येतात. भूल नको, दुर्बीण नको, नर्सलाही जमते. ‘बेस्ट-३’ या ट्रायलमध्ये आम्लपित्ताची औषधे घेणारे, पन्नाशी उलटलेले १३ हजारांवर लोक होते. स्पंजचे आमंत्रण दिलेल्या गटात १४० जणांना बॅरेट्स सापडले, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १३ जणांना. कर्करोगपूर्व बिघाड किंवा पहिल्या टप्प्यातला कर्करोग पहिल्या गटात नऊ जणांत सापडला, दुसऱ्यात एकाही नाही. एका व्यक्तीचा स्पंज दोऱ्यापासून सुटला आणि तो दुर्बिणीने काढावा लागला, हेही त्यांनी प्रसिद्ध केले. पण जास्त सापडणे म्हणजे मृत्यू टळणे नव्हे. ते पाहण्यासाठी आता सुमारे १ लाख २० हजार लोकांची ‘बेस्ट-४’ सुरू आहे.

ही सावधगिरी का, हे ‘बॉस’ या दुसऱ्या ब्रिटिश ट्रायलने दाखवले. बॅरेट्स असलेल्या ३,४५३ लोकांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी केली, बाकीच्यांची त्रास झाला तरच. किमान दहा वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच निघाले. वर्षानुवर्षे ‘नियमित तपासणीने जीव वाचतो’ असे धरून चाललेल्या डॉक्टरांना हा निकाल पचवायला जड गेला. उलट बाजूचे उदाहरणही आहे. बॅरेट्समध्ये सौम्य बिघाड पक्का झालेल्या १३६ जणांपैकी निम्म्यांचे ते अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळून टाकले, तेव्हा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण २६.५ वरून १.५ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने ट्रायल मुदतीआधी थांबवायला सांगितले. ही समिती ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांपासून स्वतंत्र असते. अधूनमधून ती गुप्त आकडे उघडून पाहते, आणि एका गटाचे नुकसान होते आहे असे दिसले तर काम बंद पाडू शकते.

भारतात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तिशीनंतर तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. अन्ननलिका त्यात नाही. मेघालय, मिझोराम, आसाम, काश्मीर इथे हा आजार फार आहे. सगळ्या देशाला दुर्बीण लावण्यापेक्षा अशा पट्ट्यांत चीनसारखी गावपातळीवरची ट्रायल करणे हे मला शहाणपणाचे वाटते. महाराष्ट्रातल्या माणसाने मात्र एवढे तरी करावे: घास अडकायला लागून दोन आठवडे झाले की पित्ताच्या गोळ्यांवर न राहता दुर्बीण करून घ्यावी. ज्यांना तंबाखूमुळे तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांना अन्ननलिकेतही दुसरा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो. त्यांनी अन्ननलिकेच्या तपासणीविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे.

आणि कोणी ट्रायलबद्दल विचारलेच तर? भारतात हे काम २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली चालते. प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद हवी, आणि ती नोंद कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. रुग्णालयाची नैतिकता समिती ट्रायल आधी तपासते. तिच्यात किमान सात सदस्य लागतात, निम्मे बाहेरचे, आणि डॉक्टर नसलेला सामान्य माणूसही असावा लागतो. माहितीपत्रक रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल तर संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून समजावले पाहिजे. ‘विचार करून उद्या सांगतो’ म्हणायचा हक्क आहे. नाही म्हटले तर नेहमीचा उपचार थांबत नाही, मधूनच बाहेर पडले तरी थांबत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे.

विचारायचे ते साध्या शब्दांत विचारावे. माझ्या प्रकारासाठीच ही ट्रायल आहे का? दुसऱ्या गटाला काय मिळणार? तुम्ही मोजणार काय, आयुष्य की गाठीचा आकार? जादा स्कॅनचे, जाण्यायेण्याचे पैसे कोण देणार? ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का? सही केल्यावर संमतीपत्राची एक प्रत आणि माहितीपत्रक रुग्णाला मिळते. ते फाइलच्या सर्वांत वर ठेवावे. त्यावर मुख्य डॉक्टरांचा आणि समितीचा फोन नंबर असतो. रात्री थंडी वाजून ताप आला तर गावातल्या दवाखान्यात जाताना तेच कागद सोबत न्यावे आणि त्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून द्यावा.